जुनी फायबरची बोट घ्यायची का? आधी तिला काट्यावर न्या

पवनीकडच्या, गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्राच्या काठावर राहणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: गावातच एकाकडे 18 फुटी फायबरची मासेमारीची बोट आहे. 12 वर्षं जुनी, त्यातली तीन वर्षं निंबाखाली उताणी पडून. मालक 40 हजार मागतो आणि म्हणतो, "दोन पॅच मारा, रंग द्या, नवी होते." मागची फळी अंगठ्यानं दाबली की थोडी आत जाते. घरी वडिलांचा लाकडी डोंगा आहे, पण तो आता गळतो. दोघं भाऊ मिळून जाळं टाकतात, पुढं छोटी मोटर लावायचा विचार आहे. बोट घ्यावी का, आणि दुरुस्तीला किती लागतील?

भाऊ, मी गेली वीस वर्षं भंडाऱ्याकडे फायबरचं काम करतो. सुरुवात कूलरच्या टपांपासून केली, मग टाक्या, मग मासेमारी संस्थांच्या बोटी. तुम्ही खर्च विचारलात, तो पुढं सांगतोच. पण 40 हजार जास्त की कमी हे ठरायला आधी एक गोष्ट कळली पाहिजे: त्या बोटीच्या पोटात किती पाणी मुरलंय. ते पैसे देण्याआधी कळतं. त्याला मशीन लागत नाही, एक सकाळ लागते.

आधी हे समजून घ्या की फायबर स्वतः कुजत नाही. साच्यात जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत लेप, मारतात. त्यावर काचेच्या तंतूंची मॅट आणि रोविंग, म्हणजे जाड विणलेलं कापड, रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून थर देतात, ते कडक झालं की अंग तयार. पण नुसतं ते अंग पत्र्यासारखं लवतं. म्हणून तळात लांबीनं लाकडाच्या दांड्या घालतात, मागच्या फळीत प्लायवुड घालतात आणि त्यावर पुन्हा फायबर चढवून सगळं बंद करतात. बोटीचा जोर या आतल्या लाकडात असतो आणि बोट मरते तीही याच लाकडामुळे. कधीतरी कुणीतरी कडी बसवायला स्क्रू मारतो, भोक नीट बुजवत नाही. तिथून थेंब थेंब पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. ओल्या धानाचं पोतं बंद खोलीत ठेवलं तर आत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरून फायबर चकचकीत आणि आत लाकडाचा लगदा.

तुमची फळी दबते, म्हणजे तिथलं प्लाय गेलंय. हे मी न पाहता सांगतो, त्यात शंका ठेवू नका. प्रश्न फक्त एवढाच की सड फळीवर थांबली आहे की तळातल्या दांड्यांपर्यंत गेली आहे. फळीवर थांबली असेल तर बोट वाचते. दांड्याही गेल्या असतील तर तुम्ही बोट नाही, साचा विकत घेताय.

आता काट्याचं. बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाका आणि जवळच्या राईस मिलच्या धरमकाट्यावर न्या. भरलेली ट्रॉली तोला, बोट उतरवा, रिकामी ट्रॉली तोला. फरक म्हणजे बोटीचं वजन. काटा पाच-दहा किलोचा फरक दाखवतो, त्याचा हिशोब धरा. मग त्याच साच्यातून निघालेली, रोज पाण्यात असलेली चांगली बोट शोधा. तलावांवरच्या बोटी बहुतेक दोन-तीन कारागिरांच्याच साच्यातल्या असतात, त्यामुळे तुमच्या बोटीची बहीण आसपास सापडेलच. तिचं वजन विचारा, किंवा तिलाही काट्यावर घ्या. तुमची 20-25 किलोनं जड असेल तर ते एखाद्या जास्तीच्या थराचंही असू शकतं, घाबरू नका. पण 50-60 किलोनं जड निघाली तर तेवढे लिटर पाणी ती पोटात घेऊन बसलीय असं समजा. पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा आहे.

बहीण सापडली नाही तर दुसरी रीत आहे. मालकाला म्हणा, तळाचं बूच काढून बोट महिनाभर तिरकी, उन्हात ठेवतो. आधी तोला, नंतर तोला. मार्चच्या उन्हात महिन्यात वजन लक्षणीय उतरलं तर ओल होतीच. उतरलं नाही याचा अर्थ मात्र ती कोरडी आहे असा घेऊ नका, कारण फोममध्ये मुरलेलं पाणी उन्हानं निघत नाही. बाकाखाली पिवळट फोम भरलेला असेल तर एका कोपऱ्यात चाकूनं तुकडा काढून पिळून पाहा. पाणी आलं तर तो सगळा फोम खरवडून फेकावा लागेल.

काट्यानंतर कान. लाकडी मुठीचा हातोडा घ्या आणि मुठीच्या टोकानं तळभर, वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी आवाज कडक, टणटणीत येतो. थर सुटलेला असेल किंवा खालचं लाकूड ओलं असेल तर आवाज दबतो, बद्द येतो. खडूनं त्या जागा घेरत जा. शेवटी दहा पावलं मागं जाऊन खुणा कुठं कुठं आहेत ते पाहा. चार-सहा विखुरलेल्या खुणा असतील तर ते ठोकर लागल्याचे डाग आहेत, दुरुस्त होतात. खुणा दांड्यांच्या रेषेत सलग आल्या तर बोट सोडून द्या.

मग मालकाच्या परवानगीनं मागच्या फळीत, आतल्या बाजूनं, अगदी खाली, पाच मिलिमीटरचं एक भोक पाडा. भुसा हातावर घ्या. कोरडा, उडणारा भुसा म्हणजे लाकूड जिवंत. काळपट, चिकट, आंबूस वासाचा म्हणजे गेलं. तसंच एकेक भोक दोन्ही दांड्यांच्या मागच्या टोकाला पाडा, कारण पाणी उताराला येऊन तिथंच साचतं. तुमची बोट उताणी पडून होती, म्हणजे तीन पावसाळे तिनं पोटात पाणी धरलं. त्यामुळे मी दांड्यांकडे फळीपेक्षा जास्त संशयानं पाहीन. भोकं नंतर एपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या पक्क्या रेझिननं, बुजवून द्या. मालक भोक पाडू देत नसेल तर त्यालाही आत काय आहे ते ठाऊक आहे, असं मी धरतो आणि परत येतो.

हे एवढं खोलात सांगतोय त्याला कारण आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एका तलावावरच्या संस्थेनं कोकणाकडून एक जुनी बोट आणायचं ठरवलं आणि मला बघायला नेलं. बोटीला ताजा निळा रंग होता. मी दोन ठिकाणी ठोकलं, तळ पाहिला, चांगली आहे म्हणालो. दीड महिन्यात मोटरच्या धक्क्यानं मागची फळी फाटली. उघडली तर प्लाय चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं. मी मजुरी न घेता काम करून दिलं, पण त्या लोकांचा हंगाम गेला तो गेलाच. नऊ घरं त्या बोटीवर होती. तेव्हापासून ताजा रंग दिसला की मी आधी विचारतो, रंग कधी दिला आणि का दिला.

आपल्याकडे एक समज ऐकतो: समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बोट खराब होते, आपल्या गोड्या पाण्यात फायबरला काही होत नाही. लोखंडी नट-बोल्टांपुरतं ते खरं आहे. फायबरच्या अंगाला मात्र गोडं पाणीच जास्त बाधतं. जेलकोटमधून पाणी अगदी हळू आत जातच असतं. आत रेझिनचे न जुळलेले, विरघळणारे अंश असतात, ते पाणी ओढून घेतात आणि जेलकोटखाली फोड येतात. साध्या पाण्यात मनुके टम्म फुगतात, मिठाच्या पाण्यात तेवढे फुगत नाहीत, तसंच हे. म्हणून धरणात वर्षानुवर्षं बांधून ठेवलेल्या बोटीच्या तळाला फोड पाहायचे असतात. तुमची बोट तीन वर्षं कोरड्यावर आहे, त्यामुळे फोड बसून गेले असतील, दिसणार नाहीत. तळ धुऊन घ्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तळव्यानं चाचपा, बारीक उंचवटे हाताला लागतात. एखादा फोडलात तर डोळे बाजूला ठेवा, आतला द्रव दाबानं उडतो आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. वाटाण्याएवढे फोड असतील तर खरडून, वाळवून, भरून काम होतं. तळहाताएवढे असतील आणि खाली मॅट पांढरी पडलेली दिसत असेल तर ते थरात गेलंय.

वरच्या कडेला पांढरी भुकटी हाताला लागते, बारीक तंतू टोचतात, ते आपल्या उन्हाचं काम आहे. दिसायला वाईट, पण वरवरचं. त्यापायी बोट नाकारू नका, भाव मात्र पाडा. तळाचा बाक तेवढा पाहा. बोट दोन दगडांवर टेकवून ठेवली असेल तर अंग मधे बसतं. तळाला दोरी ताणून धरा, अंगठ्याएवढी पोकळी दिसली तर ती बोट सरळ चालणार नाही आणि तो बाक कोणी काढून देत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेलं. सगळ्यात मोठा फरक मोटरचा. वल्ह्यांवर आणि बांबूवरच चालवणार असाल तर मागच्या फळीवर फारसा भार येत नाही. दांड्या चांगल्या निघाल्या तर फळी बदलून ही बोट तुम्हाला बरीच वर्षं पुरेल. मोटर लावायची असेल तर तीच फळी सगळा धक्का घेते, तिथं अर्धवट काम चालत नाही. दुसरं, तुम्ही जाळं टाकता तिथला तळ कसा आहे. बुडीत क्षेत्रात पाणी उतरलं की झाडांची खोडं, जुन्या घरांची जोती वर येतात. तिथं अंग जाड पाहिजे. फळीच्या कडेला किंवा जुन्या भोकापाशी जाडी मोजा. चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर होतो. तळ पाच मिलिमीटरच्या खाली असेल तर मी खोडांच्या भागात ती बोट नेणार नाही. तिसरं, तुमच्या दोघांपैकी कोणाला हाताचं काम जमतं का. कारण या दुरुस्तीत अर्धे दिवस घासण्यात जातात आणि ते तुम्ही केलंत तर मजुरी बरीच वाचते.

खर्च मी रुपयात सांगत नाही, मालाच्या वजनात सांगतो. भाव नागपूरच्या दुकानातून त्या दिवशीचा विचारा. नुसती मागची फळी करायची तर आय.एस. 710 छापाचं मरीन प्लाय एक शीट. साधं प्लाय वापरू नका, चार पैसे वाचतात आणि पाच वर्षांत पुन्हा इथंच याल. फळीच्या दोन्ही बाजू आणि कोपरे मिळून अडीच चौरस मीटर, तीन थर, म्हणजे साडेतीन किलो मॅट. मॅटच्या अडीचपट रेझिन धरतात, म्हणजे साडेआठ-नऊ किलो. दोन्ही दांड्याही बदलायच्या तर अजून तीन-साडेतीन किलो मॅट आणि आठ किलो रेझिन. तळाला नवा जेलकोट चार किलो. वाया जाणारं धरून सगळं मिळून रेझिन 20 किलोच्या आसपास, शिवाय एसिटोन, रोलर, ग्राइंडरच्या चकत्या. दोन माणसांचे आठ-दहा दिवस. हे सगळं जोडा, त्यात मालकाचा भाव मिळवा आणि त्याच मापाच्या नव्या बोटीच्या भावाशेजारी ठेवा. बेरीज नव्याच्या साठ टक्क्यांवर गेली तर मी जुनी घेत नाही, कारण उघडल्यावर काहीतरी जास्तीचं निघतंच. हे माझं स्वतःचं माप आहे, तुम्ही थोडं इकडंतिकडं करू शकता.

नव्याचा भाव काढताना मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात एक चक्कर मारा. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना बोट आणि जाळ्यासाठी मदत ठेवली होती, सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना 60 टक्के. सध्या अर्ज घेतात का ते तिथंच कळेल. आईच्या किंवा वहिनीच्या नावानं अर्ज बसत असेल तर सगळं गणितच बदलतं. तिथंच धरणावर मोटर लावायला काय कागद लागतात तेही विचारा, आणि तुमच्या संस्थेत सभासदत्व चालू आहे ना ते बघा. मासेमारीचा हक्क संस्थेकडे असताना स्वतःची बोट असून काठावर बसायची वेळ मी दोघांवर आलेली पाहिली आहे.

दुरुस्ती ठरली तर वेळ नीट निवडा. रेझिनला 20 ते 30 अंश मानवतं. म्हणजे आपल्याकडे दिवाळी ते होळी, सकाळी दहा ते चार. पण तोच तुमच्या कमाईचाही काळ, त्यामुळे लोक काम मे महिन्यावर ढकलतात. मेच्या दुपारी डब्यातलं रेझिन ब्रशनं लावायच्या आत गोळा होतं, डबा हातात धरवत नाही इतका तापतो. मेमध्येच करायचं असेल तर पहाटे पाच ते आठ, आणि एका वेळी अर्धा किलोच कालवा. रेझिन कडक करायला घालतात ते हार्डनर कमी करून वेळ वाढवायच्या नादी लागू नका, रेझिनच्या एक टक्क्याखाली गेलात तर ते कायमचं कच्चं राहतं. आणि मृग लागल्यावर उघड्यावर मॅट लावूच नका. ओलसर मॅटवर रेझिन पांढुरकं पडतं आणि पॅच पहिल्याच वर्षी सोलून निघतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते जांभळं औषध, आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट ओतू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटा, मग हार्डनर. दोन्ही एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा आणि पाण्याची बादली शेजारी ठेवा. घासताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, मास्कच लावा. लहान मुलांना त्या अंगणात येऊ देऊ नका.

पॅच मारताना मालक म्हणतो तसं वरून चिकटवू नका. खराब भाग कापून काढा आणि कडा उताराच्या करा. जाडीच्या बारापट उतार लागतो, म्हणजे पाच मिलिमीटरच्या तळाला चारही बाजूंनी सहा-सहा सेंटीमीटर. हा उतारच जुनं आणि नवं धरून ठेवतो. खोडावर आपटणाऱ्या जागी साध्या रेझिनऐवजी एपॉक्सी वापरलं तर महाग पडतं, पण जुन्या अंगाला ते जास्त घट्ट धरतं. तिथं मी एपॉक्सीच वापरतो. एपॉक्सी घेणार असाल तर मॅटऐवजी विणलेलं कापड घ्या. मॅटमधला डिंक साध्या रेझिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. शेवटी कडेवरून हात फिरवा. वर आलेला एखादा स्क्रू वर्षभर तुमचं जाळं फाडत राहील.

बोट उघडली आहेच तर बाकांखाली हवा भरून घ्या, हे माझ्याकडून अटीसारखं समजा. फायबरचं अंग पाण्यापेक्षा जड असतं, भरलं तर बुडतं. 200 किलोचं अंग पाण्यात साधारण 65 ते 70 किलोनं खाली ओढतं, वर 40 किलोची मोटर. म्हणजे 110 लिटर हवा तिला नुसती पृष्ठभागावर धरायला लागते. तिला धरून दोन माणसं तरंगायची तर 200 लिटर धरा: घट्ट झाकणाचे 20 लिटरचे दहा कॅन, बाकाखाली पट्ट्यांनी नीट आवळलेले. सप्टेंबर 2021 मध्ये वर्धा नदीत झुंज गावाजवळ बोट उलटून 11 जण गेले. जानेवारी 2024 मध्ये गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली. तुमची बोट दोन माणसांची आणि जाळ्याची आहे. गावात लग्न असो की यात्रा, तिच्यात माणसं भरून नेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि तुम्ही दोघं भाऊ लाइफ जॅकेट घालून बसा, पोहता येत असलं तरी.

तर तुमच्या बोटीबद्दल माझं आजचं मत असं. दांड्या कोरड्या निघाल्या आणि तळ पाच मिलिमीटरचा भरला, तर फळी गेलेली धरून भाव पाडा आणि घ्या. 40 हजार फळी चांगली असती तर मागायचे होते. दांड्या ओल्या निघाल्या तर फुकट दिली तरी नको. त्या पैशात वडिलांचा डोंगा एका हंगामापुरता डांबर-कापडानं नीट करून घ्या आणि नव्या बोटीचा अर्ज टाका.

काट्याची पावती, खडूच्या खुणांचा फोटो आणि तिन्ही भोकांतला भुसा पांढऱ्या कागदावर ठेवून त्याचा फोटो, एवढं मला दाखवा. बघून नक्की काय ते सांगतो. तोवर विसार देऊ नका.